करवंटीचा कोळसा आणि खाणीचं पाणी

मत्स्यालयाच्या दुकानात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची छोटी पाकिटं मिळतात. त्यातली चमचाभर कोरडी कणी ग्लासभर पाण्यात टाकायची आणि कान ग्लासाजवळ न्यायचा. सोड्याची बाटली नुकतीच उघडल्यासारखा बारीक सूं सूं आवाज येतो. दाण्यादाण्यातून बुडबुड्यांची माळ वर निघते आणि बराच वेळ थांबत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी रासायनिक क्रिया चाललेली असावी. तसं काही नसतं. दाण्याच्या पोटात हवा असते, पाणी आत शिरतं आणि तिला हुसकून लावतं, एवढंच. पण ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकड्यात इतकी हवा मावते कुठे?

हीच कणी आपल्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरमध्ये क्लोरीन आणि वास काढते. खाणीतून उपसलेल्या पाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम धरायलाही ती चालते, असं सांगणारे शोधनिबंध ढिगानं निघतात. त्यात तथ्य आहे. मात्र प्रयोगशाळेत चालणं आणि खाणीच्या तोंडाशी चालणं यांत बरंच अंतर आहे, आणि मला त्या अंतराबद्दलच जास्त सांगायचं आहे.

खाणीचं पाणी आंबट का होतं

खाण खोल गेली की भूजल आत झिरपतं, पावसाचं पाणी भरतं. काम चालू ठेवायचं तर ते उपसून बाहेर सोडावंच लागतं. हे पाणी सगळीकडे वाईट असतं असं नाही. नागपूरजवळ पाटणसावंगीला वेस्टर्न कोलफिल्ड्सनं कोळसा खाणीतलं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावानं बाटलीत भरून विकलं आहे.

घोटाळा होतो तो खडकात पायराइट असेल तर. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं पिवळं चकचकीत खनिज. ते जमिनीखाली, हवेपासून दूर असतं तोवर निमूट पडून राहतं. खोदकामानं ते उघड्यावर आलं, त्याला हवा आणि पाणी मिळालं, की त्यातल्या गंधकाचं गंधकाम्ल होतं आणि लोह पाण्यात उतरतं. काही जिवाणू नेमके याच क्रियेवर जगतात आणि तिचा वेग कैक पटींनी वाढवतात. एकदा पाणी आंबट झालं की ते वाटेतल्या खडकातले जस्त, तांबं, निकेल, कॅडमियम असे धातू विरघळवत पुढे जातं. म्हणजे धातू पाण्यात कुणी ओतलेले नसतात. आम्लच ते खडकातून काढतं.

विदर्भातला कोळसा गोंडवाना काळातला. त्यात गंधक साधारण 1 टक्क्याच्या आत असतं, म्हणून चंद्रपूर-वणीकडे या आम्लाचा जाच तुलनेनं कमी. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमधला आणि आसामातला कोळसा पुष्कळ नंतरचा आणि गंधकानं भरलेला. तिथल्या कित्येक ओढ्यांचा सामू, म्हणजे पीएच, 3 च्या आसपास उतरतो आणि तळाशी नारिंगी गंजाचा थर बसतो. सामू 7 वरून 3 वर आला म्हणजे आम्लता दहा हजार पट झाली. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल 2014 मध्ये मेघालयातल्या ‘रॅट होल’ खाणींवर बंदी आणली, तेव्हा या आंबट ओढ्यांचीही तक्रार पुढे होती.

गोव्याची तऱ्हा आणखी निराळी. डिचोली, सत्तरी, सांगे भागातलं लोहखनिज ऑक्साइड प्रकारचं, म्हणजे आधीच गंजलेलं. तिथं शेतात आणि कुळागरात घुसणारा तांबडा गाळ ही मुख्य व्यथा आहे. गाळाला निवळणीच्या टाक्या लागतात, कार्बन नव्हे. ‘खाणीचं सांडपाणी’ असं एकच नाव देऊन सगळ्यांना एकच औषध सुचवणारा माणूस भेटला की मी आधी विचारतो, कुठली खाण?

खाण बंद पडली म्हणून प्रश्न मिटत नाही, उलट तेव्हाच वाढतो. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावच्या तांब्याच्या खाणीचे पंप 1982 मध्ये थांबले. बर्कली पिट नावाचा तो प्रचंड खड्डा हळूहळू आम्लाच्या पाण्यानं भरत गेला. 1995 च्या नोव्हेंबरात तिथं उतरलेल्या हिमहंसांपैकी 342 पक्षी मेलेले सापडले.

धातू नाहीसा करता येत नाही

सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन टाकतात, तिचा कार्बन डायऑक्साइड होतो, विषय संपतो. धातूचं तसं नाही. शिसं जाळलं, पुरलं, विरघळवलं, काहीही केलं तरी शिसंच राहतं. त्यामुळे शुद्धीकरण म्हणजे इथं फक्त जागा बदलणं. फार पाण्यात पातळ पसरलेला धातू थोड्या जागेत गोळा करायचा आणि ती जागा सांभाळायची.

किती पातळ, तेही पाहू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं 0.01 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. कॅडमियमची ही मर्यादा दहा लाख लिटरच्या टाकीत 3 ग्रॅम, म्हणजे पाव चमचाही नाही. जपानमध्ये कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीवाटे भातशेतीत गेलं आणि हाडं ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग पसरला. या जपानी शब्दांचा अर्थ ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारनं 1968 मध्ये त्याचं मूळ कॅडमियममध्ये असल्याचं मान्य केलं.

करवंटी ते कार्बन

साधा लोणारी कोळसा आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन यांत फरक भोकांचा. नारळाच्या करवंट्या आधी कमी हवेत जाळून त्यांचा कोळसा करतात. वजन साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. मग हा कोळसा 800 ते 1000 अंश सेल्सियसला वाफेत ठेवतात. वाफ कोळशाचा काही भाग खाऊन टाकते आणि आत बोगद्यांना बोगदे फुटत जातात. इतके बारीक, की त्यांची रुंदी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. या खेपेला पुन्हा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजन उडून जातं. पण उरलेल्या 1 ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे 1000 चौरस मीटर भरतात. आपल्याकडच्या भाषेत, पाव एकर. ग्लासातल्या बुडबुड्यांची हवा या बोगद्यांतली.

नारळाचीच करवंटी का, तर ती कठीण असते आणि तिचे बोगदे बारीक राहतात. लाकडाच्या कार्बनची भोकं मोठी, रंगाचे थोराड रेणू धरायला बरी. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत लोकांकडून करवंट्या आणि पीचच्या बिया गोळा केल्या होत्या, त्याही या कठीणपणासाठीच.

धातू चिकटतो कसा

इथं एक शब्द नीट घेऊ. स्पंज पाणी पितो ते शोषण. पृष्ठभागावर येऊन चिकटणं म्हणजे अधिशोषण. कार्बन अधिशोषण करतो.

घरच्या फिल्टरमध्ये कीटकनाशकं, वासाचे रेणू कार्बनकडे आपणहून ओढले जातात, कारण त्यांना पाण्यात राहणं फारसं आवडत नाही. धातूचं उलट आहे. शिशाचा किंवा जस्ताचा आयन धन विद्युतभाराचा असतो आणि पाण्याचे रेणू त्याला अंगरख्यासारखे लपेटून असतात. तो पाण्यात सुखी असतो. नुसत्या उघड्या कार्बनच्या भिंतीत त्याला काही रस नाही. त्याला धरायचं तर भिंतीवर ऑक्सिजन असलेले गट हवेत, म्हणजे सेंद्रिय आम्लांत असतात तसले. या गटांमधला हायड्रोजन सुटला की ऋणभाराची रिकामी जागा तयार होते आणि धातू तिथं बसतो. म्हणून धातूंसाठी कार्बन घेताना नुसतं पृष्ठफळ विचारून भागत नाही. विक्रेते हमखास ‘आयोडीन नंबर’ सांगतात, हजाराच्या वर असला की छाती फुगवून सांगतात. तो आकडा बारीक भोकं किती आहेत याचा अंदाज देतो. भिंतीवर धातूसाठी जागा किती, हे त्यातून कळत नाही. नायट्रिक आम्लानं धुऊन घेतलेला कार्बन बरेचदा पृष्ठफळ थोडं गमावतो आणि धातू मात्र जास्त धरतो.

आता सामूचा मुद्दा, आणि सगळी मेख यात आहे. आंबट पाण्यात हायड्रोजनचे आयन अफाट असतात. एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरणारी मंडळी आठवा. सामू 3 असेल तर कार्बनवरच्या बहुतेक जागांवर हायड्रोजनचे रुमाल पडलेले असतात. कॅडमियम दारातून आत चढतं आणि उभ्यानं पुढे निघून जातं. सामू 5-6 वर आणला की रुमाल उचलले जातात आणि जागा मोकळ्या होतात. फार वर, 8-9 ला नेला, तर बरेचसे धातू पाण्यातून आपणच गाळ होऊन खाली बसू लागतात आणि मग कार्बननं काय केलं नि सामूनं काय केलं, हे वेगळं काढणं अवघड होतं. ‘आमच्या कार्बननं 99 टक्के शिसं काढलं’ असं वाचलं की प्रयोगाचा शेवटचा सामू किती होता ते मी आधी बघतो.

काही धातू या नियमात बसत नाहीत. आर्सेनिक पाण्यात ऑक्सिजनला धरून ऋण आयन म्हणून किंवा भाराविनाच फिरतं, त्याला साधा कार्बन जेमतेम धरतो. त्यासाठी कार्बनच्या भोकांत लोहाचं ऑक्साइड बसवावं लागतं आणि खरं काम ते ऑक्साइड करतं, कार्बन नुसता सांगाडा. पाऱ्यासाठी गंधक मुरवलेला कार्बन वापरतात, कारण पारा आणि गंधक यांची जवळीक जुनी आहे. आयुर्वेदातली कज्जली हे याच दोघांचं मिश्रण.

सुकिंद्याचं क्रोमियम

ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातलं सुकिंदा खोरं म्हणजे देशातल्या क्रोमाइटचं कोठार. भारताचे 95 टक्क्यांहून जास्त साठे ओडिशात आहेत आणि त्यांतले बहुतेक इथे. पोलाद गंजू नये म्हणून जे क्रोमियम लागतं, ते इथून येतं. खोऱ्यातून दमसाल नाला वाहतो आणि पुढे ब्राह्मणी नदीला मिळतो. अमेरिकेतल्या ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटनं 2007 साली जगातल्या सर्वांत दूषित दहा ठिकाणांच्या यादीत सुकिंद्याचं नाव घातलं होतं.

क्रोमियमची दोन रूपं लक्षात ठेवावी लागतात. क्रोमियम-3 खडकात असतं, पाण्यात सहसा विरघळत नाही आणि त्याचा धोकाही कमी. उघड्यावर आलेल्या खनिजातल्या काही भागाचं, हवा, पाणी आणि मँगनीजची ऑक्साइडं यांच्या संगतीनं, क्रोमियम-6 होतं. ते सहज विरघळतं, पिवळसर दिसतं आणि कर्करोगाला कारण ठरतं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम आहे. उघड्या खाणी भूजलाच्या पातळीखाली गेलेल्या असल्यानं पाणी उपसणं टळत नाही, आणि पावसाळ्यात तर खड्डाच तळं होतो.

क्रोमियम-6 धरण्यात कार्बन पटाईत आहे, पण उलट्या रीतीनं. ते ऋण आयन असल्यामुळे आंबट पाण्यातच कार्बनकडे ओढलं जातं. शिवाय कार्बन त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं क्रोमियम-3 करून टाकतो. सामू 2-3 ला ही क्रिया झकास चालते आणि शोधनिबंधांतले डोळे दिपवणारे आकडे याच सामूचे असतात. एक खाचही आहे. तयार झालेलं क्रोमियम-3 कार्बनवर टिकेलच असं नाही, ते परत पाण्यात सुटतं. फक्त क्रोमियम-6 मोजलं तर सगळं गेल्यासारखं दिसतं, एकूण क्रोमियम मोजलं की ते सापडतं.

आणि सुकिंद्याचा खडक असा, की तिथलं पाणी आंबट नसतं. साधारण उदासीन किंवा किंचित क्षारीय असतं. म्हणजे जैंतियात कार्बनला आंबटपणा नको तर पाणी आंबट, सुकिंद्यात आंबटपणा हवा तर पाणी गोडं. खाणीतून निघणारं लाखो लिटर पाणी आम्ल घालून सामू 2 वर न्यायचं आणि सोडण्यापूर्वी परत चुन्यानं 7 वर आणायचं, हा उद्योग कागदावरही परवडत नाही.

म्हणून क्रोमियम-6 वरचा रुळलेला उपाय वेगळा आहे आणि तो फार साधा आहे: हिराकस. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्यातलं लोह क्रोमियम-6 ला इलेक्ट्रॉन देतं, त्याचं क्रोमियम-3 होतं आणि लोहाच्या गंजाबरोबर ते तळाशी बसतं. हिशेबानं 1 ग्रॅम क्रोमियम-6 ला 16 ग्रॅम हिराकस लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्तच घालतात. हिराकस स्वस्त आहे, पोत्यानं मिळतं. वरची निवळी निघाल्यावर जे थोडं क्रोमियम उरतं आणि मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतं, तिथं कार्बनचा थर लावण्यात अर्थ आहे.

आधी चुना, मग कार्बन

हिशेबापुरती एक खाण घेऊ. रोज 10 लाख लिटर आंबट पाणी. लिटरमागे 200 मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम कॅडमियम. कार्बन प्रत्यक्षात 1 किलोला 10 ग्रॅम धातू धरतो असं समजू.

रोजचं लोह झालं 200 किलो. ते कार्बननंच काढायचं म्हटलं तर दिवसाला 20 टन कार्बन हवा, म्हणजे दोन ट्रक. उद्या पुन्हा दोन ट्रक. महिनाभरात खाणीचा मालक खाणच विकून टाकील.

आता आधी चुना घाला. सामू 4 च्या जवळ आला की लोहाचा बराचसा भाग तांबडा चोथा होऊन बसतो. अजून वर नेलं की अ‍ॅल्युमिनियम, मग तांबं, मग जस्त एकेक करून उतरतं. कॅडमियम आणि मँगनीज मात्र सामू फार वर नेल्याशिवाय पुरतं बसत नाही. समजा निवळीत कॅडमियम तेवढंच, अर्धा मिलिग्रॅम, राहिलं. रोजचं अर्धा किलो. त्याला कार्बन लागतो 50 किलो, म्हणजे 25 किलोची दोन पोती. दोन ट्रक आणि दोन पोती. कार्बन कुठं वापरायचा आणि कुठं नाही, ते या दोन आकड्यांत येतं.

यात मी थोडी लबाडीही केली आहे, ती कबूल करतो. किलोला 10 ग्रॅम हा आकडा पातळ पाण्याला उदारच आहे. अर्व्हिंग लँगम्युअर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं 1918 मध्ये अधिशोषणाचं जे गणित मांडलं, त्यात पृष्ठभागाची एक कमाल क्षमता असते. शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यात झळकतो तो हाच आकडा. पण ही क्षमता गाठायला पाण्यात धातू भरपूर लागतो, लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम. पाणी जसजसं पातळ होतं तसतसं कार्बनवरचं ओझंही कमी होतं. आपल्याला तर पाणी 0.1 मिलिग्रॅमच्या खाली न्यायचं असतं. तेव्हा दुकानात लिहिलेलं मायलेज आणि घाटातलं मायलेज यांत जितका फरक, तितका इथेही धरून चालावं. शिवाय खऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतंच, आणि जागा तेही अडवतं.

थरातला कार्बन

कारखान्यात कार्बन उभ्या टाकीत भरतात, कणी अर्ध्या ते अडीच मिलिमीटरची. पाणी वरून खाली जातं आणि सगळा थर सारखा भरत नाही. वरची काही इंच आधी तृप्त होतात, मग त्याखालची. भरलेला पट्टा दिवसादिवसानं खाली सरकत जातो, आणि तो तळाला पोचेपर्यंत बाहेरचं पाणी स्वच्छच दिसतं. मग एके दिवशी धातू बाहेर यायला लागतो आणि थोड्या अवधीत झपाट्यानं वाढतो. ऑपरेटर याला ‘ब्रेकथ्रू’ म्हणतात. म्हणूनच दोन टाक्या एकापाठोपाठ ठेवतात. पहिली फुटली की दुसरी सांभाळते, पहिलीत नवा कार्बन भरतात आणि मग तिला मागच्या जागी लावतात.

ब्रेकथ्रूपेक्षा रोजची कटकट गाळाची. निवळणीच्या टाकीतून लोहाचा थोडासा चोथा जरी निसटला तरी तो कार्बनच्या माथ्यावर साय धरल्यासारखा बसतो, दाब वाढतो, पाणी तुंबतं. मग खालून उलटं पाणी सोडून थर धुवायचा. म्हणून शहाणे लोक कार्बनच्या आधी वाळूचा फिल्टर लावतात. लेखांमध्ये वाळूच्या फिल्टरला कोणी ओळभर जागा देत नाही.

पऱ्हाट्या, हाडं आणि ग्राफीन

करवंटीच्या कार्बनला स्वस्त पर्याय म्हणून बायोचारचं नाव आता सगळीकडे ऐकू येतं. पिकाचा काडीकचरा कमी हवेत 300 ते 700 अंशांना भाजला की बायोचार होतं, वाफेचा टप्पा नाही. विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या शेतातच पेटवल्या जातात, त्यांचंही होतं. बायोचारचं पृष्ठफळ अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या मानानं बरंच कमी, पण त्यात राख असते. ती पाण्याचा सामू वर उचलते, तिच्यातला फॉस्फेट शिशाला धरून ठेवतो. काटेकोर बोलायचं तर हे सगळं अधिशोषण नव्हे, निम्मं काम राखेचं आहे, आणि राख संपली की ते काम थांबतं. तरी बंद पडलेल्या, वाऱ्यावर सोडलेल्या छोट्या खाणींच्या ओढ्यात, जिथं वीज नाही आणि ऑपरेटरही नाही, तिथं चुनखडीच्या चरानंतर बायोचारचा थर घालणं मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं.

हाडांचा कोळसा तर नावापुरताच कोळसा. त्यात कार्बन दहाएक टक्के, बाकी सगळा कॅल्शियम फॉस्फेट. साखर पांढरी करायला तो पूर्वी वापरत. जस्त, कॅडमियम, शिसं तो चांगलं धरतो. आपल्याकडे हाडं म्हटल्यावर काही जण नाक मुरडतील, हा भाग वेगळा.

ग्राफीन ऑक्साइडचे आकडे सर्वांत मोठे असतात, कारण त्याच्या कागदासारख्या पदरांवर ऑक्सिजनचे गट खच्चून भरलेले असतात. ते बनवायची हमर्सची रीत 1958 मधली. तिच्यात तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लागतं. म्हणजे खाणीच्या आम्लातून धातू काढण्यासाठी आधी कारखान्यात आम्लाचं आणि मँगनीजचं सांडपाणी तयार करायचं. वर ही पूड इतकी बारीक, की पाण्यातून परत काढताना नाकी नऊ येतात. धातू मोजायच्या संवेदकात ग्राफीन जरूर वापरावं. दिवसाला 10 लाख लिटरच्या कामाला मी त्याला बोलावणार नाही.

भरलेल्या कार्बनचं काय

सोन्याच्या खाणींत कार्बन 50 वर्षं राबतो आहे. खडकाची पूड सायनाइडच्या द्रावणात ढवळली की सोनं विरघळतं. त्या लगद्यात करवंटीच्या कार्बनची कणी सोडतात आणि सोनं तिच्यावर जाऊन बसतं. सोन्या-सायनाइडची ही जोडी शिशाच्या आयनासारखी पाण्याचा जाड अंगरखा पांघरत नाही, म्हणून कार्बनला ती सहज सापडते. अमेरिकेच्या साउथ डकोटातल्या होमस्टेक खाणीत 1973 मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर चालू झाली. भरलेला कार्बन चाळणीनं वेगळा काढतात, गरम कॉस्टिक द्रावणानं सोनं उतरवून घेतात, कार्बन आम्लानं धुतात, भट्टीत तापवून ताजा करतात आणि पुन्हा लगद्यात सोडतात. झिजून पूड झालेली कणीसुद्धा फेकत नाहीत, तिच्यात सोनं अडकलेलं असतं.

कॅडमियम धरलेला कार्बनही पातळ आम्लानं धुता येतो. सामू खाली गेला की हायड्रोजन परत जागा बळकावतो आणि धातू सुटतो, एसटीतला तोच प्रकार. पण हाती येतं ते कॅडमियमचं आंबट पाणी, आधीच्याहून थोडं आणि कितीतरी घट्ट. त्याला परत चुना घालायचा, परत चोथा. या चोथ्याला गिऱ्हाईक नाही. प्रत्येक धुण्यात कार्बनची ताकदही थोडी घटते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी एकदाच वापरून कार्बन काढून टाकणं स्वस्त पडतं. सोन्यात आणि कॅडमियममध्ये कार्बनच्या लेखी फरक थोडा, हिशेबनीसाच्या लेखी मात्र सगळा.

काढलेला कार्बन वाळला की उत्तम जळण आहे, आणि धोका नेमका इथे आहे. वीटभट्टीवाला तो आनंदानं नेईल. पण भट्टीचं तापमान 1000 अंशांच्या आसपास जातं आणि कॅडमियम 767 अंशांना उकळतं. इतक्या खटाटोपानं पाण्यातून काढलेला धातू वाफ होऊन धुराड्यातून निघेल आणि भोवतालच्या शेतांवर उतरेल. पाऱ्याला तर एवढीही आच लागत नाही.

म्हणून असा कार्बन धोकादायक कचऱ्यात मोडतो. तो ताडपत्रीखाली, पक्क्या फरशीवर, नोंद ठेवून साठवायचा आणि मग धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत भरावात पाठवायचा. महाराष्ट्रात असे भराव तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. तिथं त्यात सिमेंट किंवा चुना कालवून धातू बांधून टाकतात आणि अस्तर घातलेल्या खड्ड्यात ठेवतात. 2016 च्या नियमांप्रमाणे ही पोती खाणीच्या आवारात साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक पोत्यावर भरल्याची तारीख लिहावी लागते.